क्रेडिट कार्डाचे नियम तरुणांना कुठवर वाचवतात?

२० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं क्रेडिट कार्डाच्या व्याजाबद्दल एक निकाल दिला. राष्ट्रीय ग्राहक तक्रार निवारण आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं की, कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. न्यायालयानं तो आदेश रद्द केला. लगेच 'आता बँका वाटेल तेवढं व्याज लावणार' अशा पोस्ट फिरायला लागल्या. प्रत्यक्षात बहुतेक कार्डांवर त्याआधीही महिन्याला साडेतीन-पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला ४२ ते ४५ टक्के व्याज लागतच होतं. पण त्या निमित्तानं अनेकांना पहिल्यांदाच प्रश्न पडला, की मग कार्डावर सरकारचे नियम आहेत तरी कुठले?

हा प्रश्न सर्वांत जास्त कुणाचा असेल तर नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींचा. पगाराचा पहिला एसएमएस येतो आणि चार दिवसांत बँकेच्या ॲपवर 'प्री-ॲप्रूव्हड' कार्ड दिसायला लागतं. ते घ्यावं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मात्र घेताना कायदा आपल्या बाजूनं कुठे उभा आहे आणि कुठे नाही, हे माहीत असायलाच हवं.

नियम करतं कोण?

कार्डाचे नियम अर्थमंत्रालय करत नाही. बँकिंग नियमन कायदा, १९४९ आणि रिझर्व्ह बँकेचा स्वतःचा कायदा यांच्याखाली ते रिझर्व्ह बँक करते. सध्याच्या नियमांचा पाया घातला तो २१ एप्रिल २०२२ च्या क्रेडिट आणि डेबिट कार्डांविषयीच्या निर्देशानं. तो १ जुलै २०२२ पासून लागू झाला, त्यातली काही कलमं १ ऑक्टोबरपासून, आणि ७ मार्च २०२४ रोजी त्यात दुरुस्त्या झाल्या. कार्ड देणाऱ्या बँका आणि बिगरबँक वित्तीय कंपन्या या दोघांनाही हे नियम पाळावे लागतात.

कार्ड विकायचं कसं, बिल काढायचं कसं आणि वसुली करायची कशी, याबद्दल हे नियम बरेच तपशीलवार आहेत. दोन गोष्टींना मात्र ते आकड्यानं हात लावत नाहीत. एक, व्याजाचा दर. दोन, घेणाऱ्याचं वय. करार करायला कायद्यानं १८ वर्षं पूर्ण लागतात, तेवढीच वयाची अट. अर्जदाराची स्वतःची आर्थिक ऐपत पाहून जोखीम तपासा, असं रिझर्व्ह बँक बँकांना सांगते. पुढे २१ वर्षांची अट ठेवायची की १८, पगार किती हवा, हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते.

बिनव्याजी मुदत मिळते कशी आणि जाते कशी?

कार्ड म्हणजे वाण्याकडची उधारीची वही समजा. महिनाभर सामान न्यायचं आणि ठरलेल्या तारखेला सगळा हिशेब चुकता करायचा. मग वाणी एक पैसा जास्त घेत नाही. फरक एवढाच, की या वहीत थोडीशी बाकी जरी मागे ठेवली, तरी सामान उचललेल्या दिवसापासून व्याज लागतं.

ठोस तारखा घेऊ. समजा तुमचं स्टेटमेंट दर महिन्याच्या ५ तारखेला निघतं आणि पैसे भरायची शेवटची तारीख, म्हणजे ड्यू डेट, २५ आहे. ६ ऑगस्ट ते ५ सप्टेंबर या काळातली सगळी खरेदी ५ सप्टेंबरच्या बिलात येते आणि २५ सप्टेंबरपर्यंत भरायची असते. म्हणजे ६ ऑगस्टच्या खरेदीला ५० दिवस मिळाले, ५ सप्टेंबरच्या खरेदीला फक्त २०. जाहिरातीत '५० दिवसांपर्यंत' असं लिहिलेलं असतं, त्यातला 'पर्यंत' तेवढ्यासाठीच. हे स्टेटमेंटचं चक्र, म्हणजे बिलिंग सायकल, तुमच्या पगाराच्या तारखेशी जुळत नसेल तर निदान एकदा ते बदलून मागायचा हक्क नियमानं दिला आहे. पगार ७ तारखेला होत असेल तर ड्यू डेट १० ते १२ च्या आसपास येईल असं चक्र मागून घ्या. हा हक्क फारसा कुणाला माहीत नसतो, आणि महिनाअखेरीला ड्यू डेट आल्यामुळे चुकणारी बिलं मात्र पुष्कळ असतात.

बिल हातात पडल्यावर व्याज सुरू व्हायच्या आधी निदान १४ दिवस मिळालेच पाहिजेत, हाही नियम आहे.

रोख रक्कम काढली तर यातलं काहीच लागू होत नाही. एटीएममधून कार्डावर पैसे काढले की त्याच दिवसापासून व्याज, वर साधारण अडीच टक्के शुल्क.

तीस हजारांचा मोबाइल आणि 'मिनिमम ड्यू'

बिलावर दोन आकडे असतात. एकूण देय रक्कम, आणि मिनिमम ड्यू, म्हणजे खातं थकीत धरलं जाऊ नये म्हणून निदान भरायलाच हवी अशी रक्कम. ती बहुधा मुद्दलाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असते; नेमकी पद्धत बँकेगणिक बदलते. ॲपवर हे दोन्ही आकडे शेजारीशेजारी असतात आणि पहिल्यांदा कार्ड वापरणाऱ्याला छोटा आकडा हप्त्यासारखा वाटतो. तो हप्ता नाही.

१० ऑगस्टला ३०,००० रुपयांचा मोबाइल घेतला. ५ सप्टेंबरच्या बिलात एकूण देय ३०,०००, मिनिमम ड्यू १,५००. तुम्ही २५ सप्टेंबरला, अगदी वेळेत, १,५०० भरले. दंड नाही, फोन नाही, सगळं सुरळीत. आता ५ ऑक्टोबरचं बिल पाहा.

नियमाप्रमाणे भरलेली रक्कम वजा करून उरलेल्या थकबाकीवरच व्याज लावायचं असतं, म्हणून २८,५०० धरू. व्याज २५ सप्टेंबरपासून सुरू होत नाही; ते खरेदीच्या दिवसापासून, म्हणजे १० ऑगस्टपासून मोजलं जातं. ५ ऑक्टोबरपर्यंत ५६ दिवस झाले. वर्षाला ४२ टक्क्यांनी ते १,८३७ रुपये होतात. त्यावर १८ टक्के जीएसटी, ३३१ रुपये. म्हणजे नवीन बिल ३०,६६८ रुपयांचं. तुम्ही दीड हजार भरलेत आणि देणं ६६८ रुपयांनी वाढलं.

जीएसटीचा मुद्दा लक्षात ठेवा. घराच्या किंवा वैयक्तिक कर्जाच्या व्याजावर जीएसटी नसतो. क्रेडिट कार्डाच्या व्याजाला ती सूट नाही. त्यामुळे कागदावरचे ४२ टक्के तुमच्या खिशातून जाताना साडेएकोणपन्नास टक्के होतात.

पुढचं नुकसान याहून मोठं आहे. बाकी शिल्लक असेपर्यंत नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही गेलेली असते. २८ सप्टेंबरला त्याच कार्डावर ४,००० रुपयांचा किराणा भरला तर त्यावर २८ तारखेपासूनच व्याज. मुलं इथे हमखास फसतात, कारण त्यांच्या मते त्यांनी फक्त मोबाइलचे पैसे मागे ठेवलेले असतात.

ऑक्टोबरपासून दर महिन्याला व्याज, जीएसटी आणि उरलेल्या मुद्दलाचे पाच टक्के एवढंच भरत गेलात, कार्डावर नवीन काहीच घेतलं नाहीत, तर २८,५०० मुद्दलातलं ९० टक्के फिटायला ४५ महिने, म्हणजे पावणेचार वर्षं लागतील. तेवढ्यात व्याज आणि जीएसटी मिळून सुमारे २१ हजार रुपये गेलेले असतील, आणि २,८०० च्या आसपास मुद्दल अजून शिल्लक असेल. मोबाइल तोवर बहुधा बदललेला असेल.

मग २०२२ च्या नियमांनी केलं काय?

बरंच काही केलं, आणि त्याचं श्रेय द्यायला हवं.

आधी विक्री. तुम्ही मागितलं नाही असं कार्ड पाठवता येत नाही. पाठवलं, सुरू केलं आणि त्याचं बिल लावलं, तर बँकेनं ते शुल्क परत करायचं आणि वर त्याच्या दुप्पट रक्कम दंड म्हणून तुम्हाला द्यायची. कार्ड मिळाल्यावर ३० दिवसांहून जास्त काळ सुरू केलं नाहीत तर बँकेनं ओटीपी पाठवून संमती मागायची; ती मिळाली नाही तर सात कामकाजी दिवसांत खातं विनाशुल्क बंद करायचं. मॉलमध्ये किंवा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये आग्रह करून अर्ज भरून घेतला असेल आणि घरी आल्यावर विचार बदलला, तर हा मार्ग उपयोगाचा आहे: तो ओटीपी कुणालाही सांगू नका. कार्ड विकणाऱ्यांनी फोन सकाळी १० ते संध्याकाळी ७ या वेळातच करायचा.

क्रेडिट लिमिट तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय वाढवता येत नाही. पूर्वी एक दिवस एसएमएस यायचा, 'अभिनंदन, तुमची मर्यादा ५० हजारांवरून दीड लाख झाली.' ते आता चालत नाही. मर्यादेच्या वर खर्च करू द्यायचा आणि मग ओव्हरलिमिट शुल्क लावायचं, हेही आधी परवानगी घेतल्याशिवाय करता येत नाही. विशीतल्या माणसाला याचा सर्वांत जास्त फायदा झाला, असं माझं मत आहे, कारण न मागता वाढलेली मर्यादा पगारवाढीसारखी वाटते.

बिलाच्या बाबतीत: न भरलेलं शुल्क, दंड आणि कर मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज लावायला मनाई आहे. मिनिमम ड्यू अशी ठरवावी लागते की ती नियमित भरणाऱ्याचं मुद्दल वाढत जाऊ नये. वर ६६८ रुपयांनी वाढलेलं दिसलं ते पहिल्या महिन्यात मागच्या तारखेपासूनचं व्याज एकदम आल्यामुळे. ऑक्टोबरच्या बिलात ते व्याज मिनिमम ड्यूमध्येच येतं आणि ती १,५०० वरून एकदम साडेतीन हजारांच्या पुढे जाते. पहिल्या महिन्यात हलका वाटलेला आकडा दुसऱ्या महिन्यात दुपटीहून जास्त का झाला, हे अनेकांना कळत नाही. त्याचं उत्तर हे आहे.

उशिराचा दंड ड्यू डेट उलटून तीन दिवसांहून जास्त झाले तरच लावता येतो, आणि खातं थकीत असल्याची नोंदही क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे उधारीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीकडे, तेव्हाच पाठवता येते. दंड उरलेल्या रकमेवर काढायचा, पूर्ण बिलावर नाही. तीन दिवस सरले की मात्र थकलेले दिवस मूळ ड्यू डेटपासून मोजतात. यूपीआय अडकलं, बँकेचा सर्व्हर बंद होता, अशा वेळी हे तीन दिवस कामाला येतात. त्यांना वाढीव मुदत समजू नका, आणि व्याजाच्या बाबतीत तर ही सवलत गृहीतच धरू नका.

कार्ड बंद करण्याची विनंती केल्यावर, थकबाकी नसेल तर, सात कामकाजी दिवसांत ते बंद व्हायला हवं. नाही झालं तर पुढच्या प्रत्येक दिवसाला ५०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. 'आधी ही ऑफर ऐका' म्हणून चार वेळा फोन फिरवणाऱ्यांना हा नियम शांतपणे ऐकवावा.

आणि 'नो-कॉस्ट ईएमआय'. मुद्दल, व्याज आणि दिलेली सूट हे वेगवेगळं दाखवावंच लागतं. व्याज लपवून बिनव्याजी म्हणता येत नाही. प्रत्यक्षात दुकानदार किंवा कंपनी व्याजाएवढी सूट आधीच देते आणि बँक व्याज लावतेच. त्या व्याजावरचा जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क तुमच्याकडे येतं. रोखीनं घेतल्यास तीच सूट मिळते का, हे दुकानात एकदा विचारून पाहावं.

एवढं केलं, तर व्याजावर मर्यादा का नाही?

ही शंका रास्त आहे. महाराष्ट्रात खासगी सावकाराला परवाना घ्यावा लागतो आणि त्याचा कमाल व्याजदर राज्य सरकार ठरवतं. बँकांना तो कायदा लागू नाही. बँकांना दर ठरवू देणं किंवा न देणं हा अधिकार रिझर्व्ह बँकेचा, आणि रिझर्व्ह बँकेनं कर्जांचे दर बरीच वर्षं बाजारावर सोडलेले आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये मुख्यतः हेच म्हटलं: ग्राहक आयोगाला बँक आणि ग्राहक यांच्यातल्या करारातला दर बदलण्याचा अधिकार नाही. ४५ टक्के योग्य आहेत, असा त्याचा अर्थ काढायचं कारण नाही.

रिझर्व्ह बँकेचा निर्देश एवढंच सांगतो की दर बँकेचा खर्च आणि वाजवी परतावा यांच्याशी सुसंगत हवा. आकडा नाही. बँकांचं म्हणणं असतं की हे विनातारण कर्ज आहे. बुडालं तर जप्त करायला ना घर, ना गाडी. शिवाय जे वेळेवर पूर्ण बिल भरतात त्यांच्याकडून व्याज मिळतच नाही. दुसरीकडून हेही खरं, की मग पूर्ण बिल भरणाऱ्याच्या ५० दिवसांच्या फुकट उधारीचा काही भार मिनिमम ड्यू भरणारा उचलतो. मर्यादा घातली तर काय होईल? कमी पगाराच्या आणि नवख्या ग्राहकांना बँका कार्ड देणं थांबवतील, आणि गरज न संपल्यामुळे ते कर्ज देणाऱ्या ॲपकडे वळतील, ही भीती खोटी नाही.

वयाची अट घालावी का? अमेरिकेनं घातली

अमेरिकेत २००९ मध्ये क्रेडिट कार्ड कायदा झाला आणि त्याच्या मुख्य तरतुदी फेब्रुवारी २०१० पासून लागू झाल्या. त्याआधी तिथल्या विद्यापीठांच्या आवारात टेबलं मांडून, टी-शर्ट आणि पिझ्झा वाटून विद्यार्थ्यांकडून कार्डाचे अर्ज भरून घेत असत. कायद्यानं आवारात आणि आवारापासून १,००० फुटांच्या आत अर्जाच्या बदल्यात वस्तू देण्यावर बंदी घातली. २१ वर्षांखालच्या माणसाला कार्ड हवं असेल तर स्वतःचं उत्पन्न दाखवा किंवा २१ पूर्ण झालेला सहस्वाक्षरीदार, म्हणजे देण्याची जबाबदारी घेणारा दुसरा माणूस, आणा, अशी अट आली.

परिणाम मिश्र झाला. २१ खालच्यांकडची कार्डं घटली. पण नंतरच्या अभ्यासांत असंही दिसलं, की लहान वयात स्वतःहून कार्ड घेणारे तरुण वयानं मोठ्या लोकांपेक्षा बेजबाबदार नव्हते. त्यांच्यात गंभीर थकबाकीचं प्रमाण कमीच होतं, आणि त्यांना घरासाठी कर्जही लवकर मिळत होतं. वयाची रेघ ओढली की ज्यांना धोका आहे त्यांच्याबरोबर ज्यांना नाही तेही अडतात.

बारावीनंतर अमेरिकेला शिकायला जाणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही अट आजही लागते. पुण्यातल्या आईवडिलांचा पगार स्वतःचा म्हणून दाखवता येत नाही, आणि बऱ्याच मोठ्या बँका सहस्वाक्षरीदार घेतच नाहीत. मग ठेवीवरचं कार्ड घेणं किंवा तिथल्या नातेवाइकाच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता होणं, हे मार्ग उरतात. एमएसला जाणारे बहुतेक जण २१ च्या पुढचे असतात. त्यांची अडचण वयाची नसते, तिथे कर्जाचा इतिहासच नसण्याची असते.

त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे आणि आपण घ्यायला हवी होती ती ही. अमेरिकेतल्या प्रत्येक बिलावर एक चौकट छापावी लागते: 'फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर हे देणं इतक्या वर्षांत फिटेल आणि एकूण इतके डॉलर भराल, तीन वर्षांत फेडायचं असेल तर महिन्याला इतके भरा.' तुमच्या स्वतःच्या थकबाकीचा आकडा. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेनं बिलावर इशारा सक्तीचा केला आहे, पण तो सर्वांना सारखा: फक्त किमान रक्कम भरल्यास परतफेड महिनोन् महिने किंवा वर्षानुवर्षं लांबेल आणि चक्रवाढ व्याज भरावं लागेल, अशा आशयाचं एक वाक्य. ते वाक्य वाचून कुणी थांबत नाही. 'पावणेचार वर्षं, २१ हजार रुपये' हे वाचून थांबेल. हा हिशेब बँकेच्या संगणकाला एका क्षणाचं काम आहे, आणि वयाच्या अटीपेक्षा किंवा व्याजाच्या मर्यादेपेक्षा तो नियम आधी व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

नियम कडक झाले की कार्ड मिळेनासं होतं, हे खरं का?

काही अंशी खरं. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेनं बँकांच्या कार्ड-थकबाकीवरचा जोखीमभार १२५ टक्क्यांवरून १५० टक्के केला. जोखीमभार म्हणजे कर्ज बुडण्याच्या शक्यतेपोटी बँकेनं स्वतःचं भांडवल किती बाजूला ठेवायचं, याचं माप. किमान भांडवल नऊ टक्के धरलं तर १०० रुपयांच्या कार्ड-थकबाकीसाठी बँकेला पूर्वी सव्वाअकरा रुपये ठेवावे लागत, आता साडेतेरा. कार्डाचा धंदा बँकेला महाग पडला की ती आधी हात आखडता घेते तो ज्यांचा इतिहास माहीत नाही अशांच्या बाबतीत. म्हणजे पुन्हा तरुणच.

त्याआधी, २० जून २०२२ रोजी, रिझर्व्ह बँकेनं उधारीची रक्कम प्रीपेड कार्डांत भरायला मनाई केली. दिसायला क्रेडिट कार्ड, आतून प्रीपेड कार्ड आणि मागे कुठल्यातरी वित्तीय कंपनीचं कर्ज, अशी ती सोय होती. कॉलेजच्या मुलांत आणि पहिल्या नोकरीवाल्यांत ती फार चालली होती, कारण तिथे पगाराची स्लिप लागत नसे. ती बंद झाली आणि अनेकांच्या हातातलं पहिलं 'कार्ड' गेलं. माझ्या मते हा निर्णय बरोबर होता: आपण कर्ज घेतोय आणि त्याची नोंद क्रेडिट ब्युरोत होतेय, हे त्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं. आता ॲप आणि बँक मिळून देतात त्या को-ब्रँडेड कार्डांत ॲपचं काम फक्त जाहिरात आणि वितरणाचं. कार्ड बँकेचं, जबाबदारी बँकेची, तक्रारही बँकेकडेच.

इतिहास नाही म्हणून कार्ड नाही, कार्ड नाही म्हणून इतिहास नाही

क्रेडिट ब्युरो म्हणजे कोण किती उधार घेतो आणि कसं फेडतो याच्या नोंदी ठेवणारी कंपनी. भारतात अशा चार आहेत: सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, असं रिझर्व्ह बँकेनं सांगितलेलं आहे. तरी व्यवहारात अडतं. यातून निघायचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे मुदत ठेवीवरचं कार्ड.

आपल्या बँकेत २० हजारांची एफडी करा. तिच्यावर साधारण ७५ ते ९० टक्के, म्हणजे १५ ते १८ हजारांची मर्यादा असलेलं कार्ड मिळतं. पगाराची स्लिप लागत नाही आणि एफडीवरचं व्याज चालू राहतं. महिन्याला त्यावर मोबाइलचं बिल, पेट्रोल असा तीन-चार हजारांचा ठरलेला खर्च करा. मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहिलेलं बरं. मग पूर्ण रकमेचा ऑटो-डेबिट, म्हणजे खात्यातून आपोआप बिल भरलं जायची सोय, लावा. इथे एक चूक फार होते: ऑटो-डेबिट लावताना 'एकूण देय' आणि 'किमान देय' असे दोन पर्याय येतात आणि काही ठिकाणी किमान देय आधीच निवडलेलं असतं. ते बदला, आणि पहिल्या दोन बिलांना पूर्ण रक्कम गेली का ते खात्यात पाहा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांना ब्युरोकडे निदान पंधरवड्याला माहिती पाठवणं सक्तीचं झालं, त्यामुळे चांगलं वागणंही लवकर दिसतं आणि चुकलेला हप्ताही. चारही ब्युरोंकडून वर्षाला एकेक पूर्ण रिपोर्ट फुकट मागता येतो.

आईवडिलांच्या कार्डावरचं ॲड-ऑन कार्ड हा दुसरा मार्ग. पण त्याचं देणं मूळ कार्डधारकाचं. मुलानं केलेला खर्च थकला तर रिपोर्ट वडिलांचा बिघडतो.

आधीच अडकलो असलो तर?

पहिलं काम, त्या कार्डावर नवीन खरेदी पूर्ण थांबवा, अगदी शंभर रुपयांचीही. ॲपमधून ते कार्ड काढून टाका आणि त्यावर चालणारी सबस्क्रिप्शन्स दुसरीकडे हलवा. मग बँकेला विचारा, की उरलेली थकबाकी ईएमआयमध्ये बदलली तर दर किती. तो कार्डाच्या दराच्या निम्म्याहून कमी असू शकतो; त्याच्या व्याजावर जीएसटी लागतो, हे धरून हिशेब करा. वैयक्तिक कर्ज १२ ते १८ टक्क्यांत मिळत असेल तर ते घेऊन कार्ड एकदम फेडणं अनेकदा स्वस्त पडतं. पण कार्ड फिटल्यावर पुन्हा वापरायला सुरुवात केली तर दोन कर्जं होतात, आणि हे वारंवार घडतं. म्हणून फेडलं की मर्यादा कमी करून मागा. ती वाढवायला तुमची संमती लागते, कमी करायला नुसती विनंती पुरते.

वसुलीचे फोन सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर करता येत नाहीत. शिवीगाळ, ऑफिसमधल्या सहकाऱ्यांना किंवा नातेवाइकांना फोन करून बदनामी, हे सगळं नियमाविरुद्ध आहे. कार्डाची थकबाकी हा दिवाणी मामला असतो. 'उद्या पोलीस घेऊन येतो' ही धमकी असते. कॉलची तारीख, वेळ आणि नंबर लिहून ठेवा आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तक्रार फुकट करता येते. मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

बँकेनं 'सेटलमेंट' देऊ केली, म्हणजे ५० हजारांऐवजी ३० हजार घेऊन विषय संपवू म्हटलं, तर मोह होतो. नोकरी गेली असेल, दुसरा इलाजच नसेल, तर घ्या. पण ब्युरोच्या नोंदीत ते खातं 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' असं दिसतं आणि पुढे घरासाठी कर्ज मागताना बँक नेमका तोच शब्द शोधते. पूर्ण फेडलं असेल तर थकबाकी नसल्याचं पत्र लेखी घ्या. फेडल्यापासून ३० दिवसांत बँकेनं ब्युरोकडची नोंद बदलायला हवी. नाही बदलली तर बँक आणि ब्युरो दोघांकडे तक्रार करा. तक्रारीनंतर ३० दिवसांत काम झालं नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळते.